हँडलमधलं शिसं

होमफर्थ ते बार्न्सली, पंधरा-एक मैल.
पंचावन्नच्या पुढे काटा सरकला
की हँडल आधी कुजबुजतं, मग किरकिरतं,
आरशातली मागची लॉरी विरघळून
नुसता पिवळा डाग होते.
एकच सिलिंडर. त्याचा एकेक ठोका
मनगटातून कोपराला येऊन भिडतो.
हॉस्पिटलात हेल्मेट काढते, हात धुते.
बोटं अजून रस्त्यावरच.

माझं काम रक्त काढायचं.
डोळ्यांना दिसते ती शीर फसवी,
बोटाखाली दबून उसळते ती खरी.
पण सकाळी साडेसातला
माझ्या बोटांना सगळे दंड सारखेच लागतात.
कुणाच्याही कातडीखाली
माझंच इंजिन.

फेब्रुवारीत मिस्टर ओल्डरॉइड आले.
"दोनदा टोचलंस, पोरी. गाडी कुठली?"
मी चपापले. त्यांनी खुर्चीखालच्या
हेल्मेटकडे नुसती हनुवटी वळवली.
त्यांची तीन बोटं मेणासारखी पांढरी, टोकापर्यंत.
सत्तावीस वर्षं खाणीत, हातात ड्रिल.
"हाताला मुंग्या येतात," मी म्हटलं,
आणि मग मुंग्या म्हणजे काय ते सांगावं लागलं.
ते हसले. "आमच्याकडे टाचण्या आणि सुया येतात.
तुझ्या तर हातातही सुई."

शनिवारी त्यांच्या गॅरेजात.
किटली, जुनं वर्तमानपत्र, पायाशी तेलकट टॉवेल.
आधी इंजिन धरणारे बोल्ट:
एक सैल, एक उगाच जीव खाऊन आवळलेला.
मग जाड रबराच्या चकत्या, जाडसर ग्रिप,
टोकांना पितळेचे गट्टू,
आणि हँडलच्या पोकळ नळीत
शिशाचे छर्रे, चहाच्या चमच्याने.
नरसाळं मी धरलं, चमचा त्यांनी.
चार छर्रे त्यांच्या बोटांतून निसटले,
त्यांना कळलं ते फरशीवर टणटण झाल्यावर.
आम्ही दोघंही छर्रे शोधू लागलो
म्हणजे एकमेकांकडे बघावं लागू नये.

भरपाईच्या वेळी तपासणी झाली होती म्हणे.
एका खोलीत बसवून बोटाखाली
थरथरणारी एक खुंटी द्यायचे.
जाणवली की बटण दाबायचं.
"मी बसलो. बसलोच.
खिडकीबाहेर कुणीतरी कुंपण रंगवत होतं,
त्याचा अर्धा कठडा झाला.
मग बाई म्हणाल्या, संपलं, मिस्टर ओल्डरॉइड.
मी म्हटलं, सुरू कधी झालं?"

गाडी स्टँडवर, इंजिन चालू.
त्यांनी हँडलवर तळवा ठेवला, डोळे मिटले,
मग उचलला.
"तूच सांग. दहापैकी किती?"
आधी नऊ होतं. मी धरलं.
"आवळू नकोस. रुग्णाचा दंड कसा धरतेस?"
बोटं सैल केली.
शिसं नळीत जड, आज्ञाधारक बसलं होतं.
"तीन," मी म्हटलं. "साडेतीन."
त्यांनी खडूने भिंतीवर ३॥ लिहिलं, माझ्याकडून शिकून,
खाली तारीख. आधीच्या नऊवर काट मारली नाही.
"उरलेलं राहू दे. नाहीतर तुला कळायचं कसं
की खाली काही चाललंय?"

सोमवारी लँगसेटच्या माळावर वारा होता.
पंचावन्न. साठ.
आरशात लॉरी लॉरीसारखी, नंबरप्लेटसकट.
पहिल्या बाईंची शीर पहिल्याच बोटाला लागली.
त्यांना कळलंही नाही.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले, रक्त द्यायला.
मी त्यांचे दोन्ही हात आधी माझ्या हातांत
जरा वेळ धरून ठेवले, गरम व्हायला,
नियम तसा आहे, सगळ्यांनाच करतो.
"काही जाणवतंय?" मी विचारलं.
"नाही," ते म्हणाले, "पण धर."